योडोक फेट्सचा लेखी राजीनामा

शर्यतीत शेवटचा येणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा ठरवून करून पाहावं. मी केलं आहे. छप्पन्नाव्या वर्षी, दोन महिने सराव करून, चुकीचं मेण लावून, दाट धुक्यात. आणि तरीही शेवटून दुसरा आलो. माझ्यामागून कोण आलं ते इथेच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

दर फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या खोऱ्यातले आर्किटेक्ट ओबरफेल्स गावाच्या उतारावर स्कीची शर्यत लावतात. पंधरा आर्किटेक्ट आणि पंधरा ‘मित्र’. मित्र म्हणजे ज्यांना पुढेमागे काहीतरी बांधायचं आहे असे लोक: हॉटेलवाले, बँकेचे व्यवस्थापक, अग्निशामक दलाचा प्रमुख, सरपंच. मित्र सकाळी उतरतात, आम्ही दुपारी. चार वाजता ‘हरिण’ नावाच्या खानावळीत जेवण. इतक्या लवकर का, तर सहा वाजता निम्म्या मित्रांच्या गाई धारेला येतात. जेवणाला एकच लांबलचक टेबल. एका बाजूला आर्किटेक्ट, आपापल्या नंबराप्रमाणे. समोर मित्र, त्यांच्या नंबराप्रमाणे. पाचव्यासमोर पाचवा, नवव्यासमोर नववा. कुणी बाद झालं तर नंबर शेवटून मोजतात, म्हणजे शेवटच्यासमोर नेहमी शेवटचाच. आणि सूपपासून शेवटच्या कडू दारूपर्यंतच्या दोन तासांत जो ज्याच्यासमोर बसला, त्याला त्याचं काम मिळतं. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. लिहिला असता तर तो गुन्हा ठरला असता.

त्यामुळे आमच्या शर्यतीत पहिलं कुणालाच यायचं नसतं. मित्रांमध्ये दरवर्षी दातांचा डॉक्टर पहिला येतो आणि त्याचं घर बांधून झालेलं आहे. जो तो सकाळी मित्रांचे निकाल वहीत उतरवून घेतो, आणि दुपारी घड्याळाकडे बघत बघत सातवा किंवा अकरावा यायचा प्रयत्न करतो. बाहेरगावच्या एका पाहुण्यानं एकदा मला विचारलं होतं, “तुमच्याकडे सगळेच शेवटच्या वळणावर थांबून इकडेतिकडे का बघतात?” मी म्हणालो, “निसर्ग.”

मी स्वतः या शर्यतीपासून तीस वर्षं लांब राहिलो होतो. तत्त्व म्हणून. तत्त्वावर जगणाऱ्या माणसाचं कार्यालय गॅरेजच्या वर असतं, आणि त्यात त्याच्याखेरीज एक रबराचं झाड असतं. बायको हिल्ट्रूड शाळेत शिकवते म्हणून माझं तत्त्व इतकी वर्षं टिकलं.

पण त्या वर्षी ओबरफेल्सच्या पंचायतीनं मृतांची खोली नव्यानं बांधायचं ठरवलं. चर्चच्या बाजूची ही खोली. गावात कुणी गेलं की दफनाआधी दोन दिवस त्याला तिथे ठेवतात, लोक येऊन बसतात, निरोप घेतात. जुनी खोली १९९१ साली योडोक फेट्सनं बांधली होती. योडोक फेट्स म्हणजे आमच्या खोऱ्यातला सगळ्यात मोठा आर्किटेक्ट, या शर्यतीचा संस्थापक, आणि सपाट छपराचा कट्टर पुरस्कर्ता. त्याचं सपाट छप्पर गळायचं. जिवंत माणूस गळतं छप्पर खपवून घेतो, बादली लावतो. पण मागच्या हिवाळ्यात सुताराच्या आजीच्या कपाळावर दोन दिवस ठिबक ठिबक पाणी पडत राहिलं, आणि नातेवाइकांनी आळीपाळीनं तिच्यावर छत्री धरली. पंचायतीत ठराव एकमतानं झाला.

ती जुनी खोली आखली होती मी. बावीस वर्षांचा होतो, योडोकच्या कार्यालयात उमेदवारी करत होतो, आणि तो मला ‘नाटरचा पोरगा’ म्हणायचा. मी त्या खोलीला एक खिडकी काढली होती. जमिनीपासून बासष्ट सेंटिमीटरवर, लांबट, म्हणजे आडव्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. योडोकनं नकाशा पाहिला, नाकातून “हं” असा आवाज काढला (हा त्याचा सर्वांत लांब अभिप्राय असे), लाल पेन्सिलीनं खिडकीवर फुली मारली आणि अख्ख्या कार्यालयासमोर म्हणाला, “मेलेल्याला खिडकी कशाला रे? पोस्टमनची वाट बघतोय का तो?”

सगळे हसले. नकाशा त्यानं शेगडीत घातला. मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. तेव्हापासून गावात मला कुणाचं पत्र आलं की पोस्टमन खिडकीवर टकटक करतो आणि म्हणतो, “गेबहार्ड, वाट बघत होतास ना?” तो पोस्टमन निवृत्त झाला, जाताना त्यानं नव्या पोस्टमनला हे शिकवून ठेवलं.

तेव्हा ती खोली मला हवी होती. खोली म्हणजे, खरं सांगायचं तर, खिडकी. काम सरपंचांच्या हातात होतं, आणि सरपंच वेंडेलिन मेट्सलर मित्रांच्या शर्यतीत दरवर्षी पंधरावे, म्हणजे शेवटचे येतात. वयामुळे नव्हे. ते वाटेतल्या प्रत्येक वळणाच्या झेंड्यापाशी थांबून मतदारांची चौकशी करतात.

म्हणजे मला आर्किटेक्टांमध्ये शेवटचं यायचं होतं. हिल्ट्रूड म्हणाली, “मग अवघड काय आहे? आयुष्यभराचा अनुभव आहे तुझा.”

अवघड होतं. एक तर नाव नोंदवणं. आमच्या आर्किटेक्ट मंडळाच्या चिटणीस बेर्टोलिनीबाई खाली शहरात बसतात. बाई वाईट नाहीत, पण घटनेतल्या कलमांवर त्यांचं जे प्रेम आहे ते त्यांनी दुसऱ्या कशावर केलं असतं तर त्यांना नातवंडं असती.

“मंडळात पंधराच जागा असतात,” बाई म्हणाल्या. “एक सभासद व्हिएन्नाला गेले, ती तुम्हाला देता येईल. चौदा नंबर.”

“पंधरावा कोण आहे?” मी सहज विचारलं.

“योडोक फेट्स.”

“बाई, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.”

“मला माहीत आहे. पुष्पचक्र मीच पाठवलं. पण कलम सहाप्रमाणे सभासदत्व फक्त लेखी राजीनाम्यानं संपतं. त्यांनी तो दिलेला नाही.”

“ते आता कसा देणार?”

“तो त्यांचा प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे कागदांची यादी सरकवली. शिरस्त्राणाचं प्रमाणपत्र, हृदय ठीक असल्याचा दाखला, आणि हयात असल्याचा दाखला.

“हा कशाला?”

“फरक कळावा म्हणून.”

हयातीचा दाखला पंचायतीतून आणावा लागला. तिथला कारकून माझ्या वर्गात होता; त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, साक्षीदार आहे का विचारलं, आणि ‘वरकरणी हयात’ असं लिहून दिलं. डॉक्टरांनी विचारलं, कशासाठी हवंय. मी म्हणालो, डोंगरावरून अत्यंत सावकाश खाली येण्यासाठी. ते म्हणाले, त्यासाठी दाखला कशाला, आमच्या सगळ्यांचं तेच चाललंय.

दुसरी अडचण वेगाची. आमचा उतार नीट उतरला तर मिनिटभराचा आहे. पाच मिनिटांच्या आत खाली पोचायला हवं, नाहीतर बाद. एखादा झेंडा चुकला तरी बाद. बाद झालेल्यांना स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बँडवाल्यांबरोबर जेवावं लागतं, आणि बँडवाल्यांना काही बांधायचं नसतं. तेव्हा चार मिनिटं पन्नास सेकंदांच्या आसपास, न पडता, न थांबता, सगळे झेंडे घेत उतरायचं. हे तुम्ही करून पाहा. स्कीची टोकं आत वळवून, मांड्या थरथरत, गोगलगाईनं ओव्हरटेक करावं अशा बेतानं. मी पहाटे शेजाऱ्याच्या कुरणात सराव करायचो. तीन दिवसांत सगळ्या गावाला कळलं आणि सल्ले सुरू झाले. पाववालीनं खिशात दगड ठेवायला सांगितलं. पाद्री म्हणाले, दगडांनी वेग वाढेल. त्यापेक्षा पापं आठवत उतर.

शेजारी ओटमारला मात्र माझा खरा राग आला. पंचेचाळीस वर्षं त्यानं माणसांना डोंगरावर नेणारा खुर्च्यांचा पाळणा चालवला. सध्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनं पलंगावर होता. स्कीच्या तळाला कुठल्या हवेला कुठलं मेण लावायचं हे विचारायला अख्खं खोरं त्याच्याकडे येतं. मी त्याला हळू जाण्याचं मेण विचारलं.

“चालता हो,” ओटमार म्हणाला.

“अरे, ऐक तरी.”

“पंचेचाळीस वर्षं लोकांनी मला जोरात कसं जायचं विचारलं. तुझ्यासारखा निर्लज्ज कुणी भेटला नाही.” आणि मग, कारण ज्ञान असलं की माणसाला राहवत नाही: “पिवळं लाव. वसंतातल्या ओल्या बर्फाचं. थंडीत ते डिंकासारखं धरतं. आणि मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस.”

त्याच्या पडवीत भिंतीला जुन्या लाकडी स्की टांगलेल्या होत्या, अरुंद, चामड्याच्या पट्ट्यांच्या. मी म्हणालो, “याच दे की. यांच्यावर तर आपोआपच वेळ लागेल.”

“त्या नाही देता येत. योडोकच्या आहेत.”

“योडोक गेला, ओटमार.”

“गेला तेव्हा सांभाळायला सांगून गेला. देऊन टाक म्हणाला नाही. आला न्यायला तर काय सांगू? गेबहार्डनं नेल्या, शेवटचा यायला?”

शनिवारी सकाळी ऊन होतं. मित्रांची शर्यत नेहमीसारखी झाली: दातांचा डॉक्टर पहिला, मेट्सलर पंधरावे. त्यांनी चौथ्या झेंड्यापाशी कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, त्यात त्यांचं दीड मिनिट गेलं.

दुपारी सुरुवातीच्या फाटकापाशी सेव्हरिन ग्रेबर भेटला. शहरात त्याचं चाळीस माणसांचं कार्यालय, वय चौतीस, कुमार गटातला माजी विजेता. आमच्याकडे हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, अगदी न्यायाधीशालासुद्धा; त्यामुळे उद्धटपणा करायला डोंगर सोयीचा पडतो.

“काय गेबहार्ड, मृतांची खोली हवी म्हणे तुला? स्वतःसाठी बघतोयस का?”

“आणि तुला कशाला हवी? तुझ्याकडे तर विमानतळ आहे.”

“विमानतळाला कुणी रडत नाही,” तो म्हणाला. “छायाचित्रं चांगली येत नाहीत.”

मग त्याचा नंबर आला, आणि एक करुण दृश्य सगळ्यांनी पाहिलं. ज्या माणसाला लहानपणापासून फक्त जोरात जायला शिकवलं, तो हळू जाऊ बघत होता. पहिल्या वळणावर तो थांबला, दुसऱ्यावर मागे घसरला, तिसऱ्यावर त्याच्या दोन्ही स्की एकमेकींवर चढल्या आणि तो फुलीसारखा आडवा होऊन झेंड्याच्या चुकीच्या बाजूनं खाली गेला. बाद. मी मनातल्या मनात टोपी काढली. खरं तर मनातल्या मनात नाचलो.

माझा नंबर पुकारला आणि धुकं आलं. आलं म्हणजे दरीतून हळूहळू वर चढलं वगैरे नाही. नव्हतं आणि होतं यांच्यामध्ये वेळ असा गेलाच नाही. समोरचा झेंडा दिसायचा, त्यापुढचा नाही. मी निघालो. पिवळं मेण ओटमारच्या शब्दाला जागलं. बर्फ माझे पाय धरून ठेवत होता. मी सेकंद मोजत, पापं आठवत चाललो होतो. पापं दोन मिनिटांत संपली, तेव्हा मला स्वतःविषयी वाईट वाटलं.

सहाव्या झेंड्यापाशी मागून आवाज आला. खर्र... खर्र... बारीक, लाकूड बर्फावरून ओढावं तसा. माझ्यामागून अजून कुणी सुटलेलं नव्हतं. एका वेळी एकच माणूस उतरतो. मी वळणावर जवळजवळ थांबलो. आवाज थांबला. मी निघालो. खर्र. मी मागे वळून पाहिलं नाही. भीतीनं नव्हे; मागे वळून पाहिलं की तोल जातो, हे शास्त्र आहे. मग वास आला: ती लांब, काळी, आत गवताची काडी असलेली सिगार. आजकाल ती कुणी ओढत नाही. ओढणारे सगळे गेले.

नवव्या झेंड्याला मी जरा जास्तच रुंद वळण घेतलं, आणि अगदी कानाशी कुणीतरी नाकातून म्हणालं, “हं.”

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आयुष्यात पहिल्यांदा मला जोरात जावंसं वाटत होतं आणि मी गेलो नाही. यात धैर्य किती आणि मेण किती, ते मी सांगू शकत नाही. खाली पोचलो तेव्हा फलकावर वेळ आली: चार मिनिटं, अठ्ठावन्न पूर्णांक वीस शतांश सेकंद. सगळ्यांत शेवटचा, आणि नियमात. हिल्ट्रूडनं टाळ्या वाजवल्या. पस्तीस वर्षांत तिनं माझ्यासाठी वाजवलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

मग कर्ण्यातून बेर्टोलिनीबाईंचा आवाज आला: “नंबर पंधरा. योडोक फेट्स.”

हा आमचा रिवाज. वर फाटकापाशी शर्यत सुरू करून देणारा माणूस टोपी काढतो, फाटकाची काडी बोटानं ढकलतो, घड्याळ सुरू होतं. खाली आम्ही सगळे टोप्या काढून उभे राहतो. पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की बाई वहीत लिहितात ‘पोचले नाहीत’, आणि लोक ‘हरिण’कडे चालू लागतात. आठ वर्षं असंच चाललं होतं. फरक एवढाच की आधी हातातलं घड्याळ असायचं. या वर्षी मंडळानं नवं यंत्र आणलं होतं, शेवटच्या रेषेवर प्रकाशाची तार, ती कापली की घड्याळ आपोआप थांबतं.

उभे राहिलो. एक मिनिट, दोन, तीन. थंडी कानात शिरत होती. माझ्या बाजूला सरपंच मेट्सलर डोळे मिटून उभे होते. चार. मी मनात सूप कोणतं असेल याचा विचार करत होतो आणि सरपंचांशी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते घोकत होतो. साडेचार. कुणीतरी शिंकलं.

यंत्र वाजलं.

रेषेवर कुणी नव्हतं. धुकं होतं, दोन झेंडे होते, आणि फलकावर आकडे स्थिर झाले होते: चार मिनिटं, अठ्ठावन्न पूर्णांक एकवीस.

एक शतांश. जिवंतपणीही तो असाच होता.

सगळ्यांनी टोप्या परत घातल्या. मग मी बोललो, कारण नुकसान माझं होत होतं. “ससा असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “सशानं झेंडे घेतले का ते बघू.”

आम्ही आठ-दहा जण वर चढत गेलो. माझ्या स्कीचे रुंद, लाजिरवाणे पट्टे होते, आणि त्यांच्या बाजूला दोन अरुंद, स्वच्छ रेघा. एकही झेंडा चुकलेला नव्हता. प्रत्येक वळण जुन्या पद्धतीचं, एक गुडघा टेकून घेतलेलं. नवव्या झेंड्यापाशी त्या रेघा माझ्या पट्ट्यांच्या इतक्या जवळून गेल्या होत्या की मध्ये हात मावला नसता. खाली, रेषेच्या पलीकडे, त्या संपत होत्या. वळत नव्हत्या, थांबत नव्हत्या, संपत होत्या.

“पण त्याला येताना कुणी पाहिलंय?” मी म्हणालो.

“धुक्यात तुलाही कुणी पाहिलं नाही, गेबहार्ड,” बाई म्हणाल्या. “तुझी वेळ धरली ना?”

मी लेखी हरकत मागितली. अर्ज मिळाला. त्यावर तळाला प्रतिपक्षाची सही लागत होती, पंधरा मिनिटांच्या आत. मी पंधरा मिनिटं तो अर्ज हातात धरून धुक्यासमोर उभा राहिलो, हेही इथे नोंदवून ठेवतो. माणसाच्या प्रतिष्ठेला तळ असतो असं मला त्या दिवसापर्यंत वाटायचं.

‘हरिण’मध्ये मी चौदाव्या खुर्चीवर बसलो. समोर चौदावे मित्र: सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे प्रमुख. भला माणूस. सूप संपेपर्यंत ते गाळावर बोलले; मग चीजमधल्या पिठाच्या गोळ्या आणि तळलेला कांदा येईपर्यंत गाळ घट्ट करण्याच्या नव्या पद्धतीवर. माझे कान उजवीकडे होते. उजवीकडे पंधराव्या खुर्चीवर कुणी नव्हतं. पण वाढपिणीनं तिथे ताट ठेवलं, सूप वाढलं, पेला भरला. नियम म्हणजे नियम. समोर सरपंच मेट्सलर. ते थोडे पुढे वाकले आणि बोलू लागले. हळू आवाजात, मान हलवत, मध्येच थांबून ऐकत. एकदा खो खो हसले. एकदा म्हणाले, “ते तू मान्य करशील असं वाटलं नव्हतं.”

मी बाजूला वाकून सूपाकडे पाहिलं. कमी झालं होतं. वाफ होऊन जात असेल. शेवया मात्र वाफ होऊन जात नाहीत.

शेवटी कडू दारूचे पेले आले. मेट्सलरनी पेला उचलला, प्यायले, आणि टेबलावरून हात पुढे करून घट्ट हलवला. आमच्याकडे असा हात हलवला की काम ठरलं. सांडपाणीवाले म्हणाले, “तुमचं लक्ष नाही.” मी म्हणालो, “आहे. घट्ट करण्याची पद्धत.” आणि त्यांच्या आग्रहाखातर पुढच्या वर्षी गाळाची एक टाकी आखून द्यायचं कबूल केलं. ती आता उभी आहे. लोक नाक धरून कौतुक करतात.

रविवारी सकाळी मी ओटमारकडे गेलो, मेणाबद्दल आभार मानायला. दुसरं काही कारण नव्हतं. तो पलंगावरच होता. पडवीत योडोकच्या स्की भिंतीला टांगलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली फरशीवर पाण्याचं तळं होतं.

“ओटमार, या ओल्या आहेत.”

“मग पुसून ठेव. लाकूड फुगतं.”

“नेल्या कुणी?”

“कुणी म्हणजे काय? ज्याच्या त्यानं.” आणि मग, जरा हळवा होऊन: “मेण कुठलं लावलं होतं बघ बरं.”

मी बोट फिरवून पाहिलं. पिवळं.

सोमवारी सरपंचांनी बोलावलं. पंचायतीत ते एकटेच होते, गोठ्यातले बूट घालून.

“काम योडोकला दिलं, गेबहार्ड.”

“तो वारलाय, वेंडेलिन.”

“म्हणूनच. तुमच्यापैकी त्या विषयाचा अनुभव आहे कुणाला?”

मी उठायला लागलो.

“बस. नकाशा तो काढू शकत नाही, हात चालत नाही म्हणाला. तो म्हणाला, आखायला नाटरचा पोरगा घ्या, रेघ चांगली आहे त्याची. छप्पर उतरतं करा म्हणाला. त्याला ते बोलताना फार जड गेलं. आणि म्हणाला, खिडकी हवी. नऊ वर्षं आडवा आहे, समोर भिंत. त्या वेळी चूक झाली म्हणाला.” मेट्सलरनी खिशातून बिअरच्या पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती काढली. “आकडा विसरेन म्हणून लिहून घेतला. बासष्ट. तुला काही कळतंय का?”

चकतीवर त्यांच्या गोठ्यातल्या अक्षरात बासष्ट होतं. तो आकडा जगात दोन माणसांनी पाहिला होता आणि एका शेगडीनं. मी चकती मागून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे. आणि छप्पन्नाव्या वर्षी मला पुन्हा ‘नाटरचा पोरगा’ म्हटलं गेलं, याचा राग यायला हवा होता. तो मला तिसऱ्या दिवशी आला, रीतसर.

खोली नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी उघडली. उतरतं छप्पर, देवदाराच्या फळ्या, आणि बासष्ट सेंटिमीटरवर लांबट खिडकी. दारावर पितळेची पाटी: ‘स्थापत्य: योडोक फेट्स’, आणि खाली, वाकून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात, ‘आखणी: गे. नाटर’. पाद्री बोलले, बँड वाजला, सुताराच्या आजीचे नातेवाईक भिंतींना हात लावून रडले. नवा पोस्टमन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पण टकटक केली नाही.

गर्दी ओसरल्यावर बेर्टोलिनीबाईंनी मला बाजूला घेतलं आणि पाकीट दिलं. मंडळाच्या पत्त्यावर आलेलं, तिकिटाशिवाय. आत जाड पेन्सिलीनं, आम्हा लोकांच्या त्या चौकोनी, नकाशावरच्या अक्षरात, दोन ओळी होत्या.

‘कलम सहा अन्वये सभासदत्वाचा राजीनामा देत आहे. योडोक फेट्स.

ता. क. — खिडकी अजून बारा सेंटिमीटर खाली चालली असती.’

“अक्षर त्यांचंच आहे,” बाई म्हणाल्या. “दाखल करून घ्यावा लागेल. पंधरा नंबर मोकळा झाला.” त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि बाहेर गेल्या.

मी खोलीत एकटा उरलो. बारा सेंटिमीटर! चौतीस वर्षांपूर्वी शून्य, आणि आता बारा कमी. मी दार लोटून घेतलं, मधल्या ओट्यावर चढलो आणि आडवा झालो. हात छातीवर ठेवले, कारण माप घ्यायचं तर नीट घ्यावं. मान वळवली. खिडकीतून डोंगराची शेंडी दिसत होती, आणि आभाळ. छान दिसत होतं. मग मी डोकं थोडं वर उचललं, बारा सेंटिमीटर, अंदाजानं. उतार दिसला. झेंड्यांच्या जागा दिसल्या. अगदी खाली, शर्यतीची शेवटची रेषा दिसली.

डोकं टेकलं की रेषा जायची. मेलेला माणूस डोकं उचलणार कसा? मी पुन्हा उचललं, पुन्हा टेकलं. कुठेतरी सिगारचा वास आला. आणि ओट्याच्या पलीकडून, अगदी समाधानानं, कुणीतरी म्हणालं, “हं.”

मी हललो नाही. दार उघडलं. बेर्टोलिनीबाई पाकीट विसरल्या होत्या. त्यांनी मला ओट्यावर पाहिलं, हात छातीवर, डोळे उघडे, घड्याळ पाहिलं, पाकीट उचललं.

“गेबहार्ड,” त्या म्हणाल्या, “राजीनामा लेखी द्यायचा असतो.”